किल्ली खिशात, पंखा जोरात

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. "अहो, गाडी बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे आणि बॉनेटखाली विमान सुटल्यासारखा आवाज येतोय. पेटणार तर नाही ना?" विजेची गाडी घेताना लोकांनी शांततेचेही पैसे मोजलेले असतात, त्यामुळे आवाजात फसवलं गेल्याची कुरकुर असते. गाड्या थंड ठेवणं हा माझा धंदा. चाकणच्या पट्ट्यात नोकरीची सगळी वर्षं रेडिएटर, कंडेन्सर आणि पंख्यांत गेली. मी एवढंच विचारतो, फास्ट चार्जरला लावलीय का? उत्तर बहुतेक 'हो' असतं. मग म्हणतो, वाजू द्या.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, होऊही नये. पेट्रोलचं इंजिन इंधनातली निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं. विजेची गाडी त्या मानाने फार काटकसरी. मग कमी तापणारी गाडी जास्त का ओरडते? कारण उष्णता किती फेकायची यापेक्षा ती किती तापमानाला फेकायची, यावर सगळं ठरतं. उकळता चहा बशीत ओतला की दोन फुंकरींत निवतो. कोमट चहा आणखी गार करायचा तर फुंकून फुंकून गाल दुखतात. इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. बाहेर अकोल्याचं ४३ असलं, तरी मधे पन्नासएक अंशांचा फरक उरतो. लिथियम-आयन बॅटरीला मात्र ३५ अंशांच्या आतच बरं वाटतं. ४५ च्या पुढे ती भराभर म्हातारी होते. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा बॅटरी गार ठेवायची. नुसत्या हवेने हे होणं शक्यच नाही. त्यासाठी एसीचा कॉम्प्रेसर कामाला लावून बॅटरीतली उष्णता ६० अंशांच्या आसपास चढवायची आणि पुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकायची.

आता हिशेब. ५० किलोवॉटचा चार्जर ४०० व्होल्टच्या बॅटरीत १२५ अँपिअर ढकलतो. आतला रोध ०.१ ओहम धरला, तर बॅटरीच्या पोटात दीड किलोवॉट उष्णता तयार होते. प्रवाह दुप्पट केला की ती चौपट. त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची भर, शिवाय आत एसी लावून बसलेलं कुटुंब. पाच किलोवॉट सहज भरतात. कंडेन्सरमधून जाताना हवा फार तर १२ अंशांनी तापू शकते, म्हणून दर सेकंदाला सुमारे ३७० लिटर हवा ओढावी लागते. तेवढीच उष्णता इंजिनाच्या रेडिएटरमधून काढायची असती, तर हवा ४० अंशांनी तापली असती आणि तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी हवेत भागलं असतं. त्याच पंख्याकडून तिप्पट हवा हवी तर वेग तिप्पट, वीज २७ पट आणि आवाज जवळजवळ २४ डेसिबलने जास्त. दर १० डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे हा पाचपट झाला. गाडी उभी असल्याने समोरून वारा नाही आणि पंख्याचा आवाज झाकायला इंजिनही नाही.

पंखा नसलेली गाडी करता येत नाही, असं नाही. निसानची लीफ २०१० च्या अखेरीस आली, तेव्हा तिच्या बॅटरीला कूलंटही नव्हतं आणि पंखाही नव्हता. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या मालकांच्या लक्षात आलं, की बॅटरीची क्षमता भलत्याच वेगाने उतरतेय. कंपनीला पुढे क्षमतेची हमी द्यावी लागली आणि जास्त उष्णता सोसणारी बॅटरी आणावी लागली. चंद्रपूरकराला मी शांत गाडीपेक्षा वाजणारीच सुचवेन.

तरीही वाजणं आणि वाजणं यात फरक आहे. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे फिरला की २८० हर्ट्झचा एक सूर धरतो आणि तो सूरच डोकं उठवतो. म्हणून पाती मुद्दाम असमान अंतरावर बसवतात. सूर फुटतो, नुसता सूंऽऽ असा वारा उरतो. पात्यांची टोकं एका कड्याने जोडलेली असतात, आणि ते कडं व बाहेरचं आवरण यांतली फट मिलिमीटर-मिलिमीटरने कमी करण्यात आमचे महिने जातात. (त्याच कंपनीत दुसरी मंडळी गाडीला आवाज देत बसलेली असतात. पादचाऱ्यांसाठी हळू जाणाऱ्या विजेच्या गाडीने आवाज केलाच पाहिजे, असा युरोपात नियम आहे: ताशी २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल.)

पण खरं दुखणं पंख्यात क्वचितच असतं. ते डिझाइन स्टुडिओत ठरतं. विजेच्या गाडीला जाळी नको, तोंड गुळगुळीत हवं. वाऱ्याचा विरोध घटतो, एका चार्जमध्ये चार किलोमीटर जास्त मिळतात, हे मान्य. पण नंबर प्लेट, रडार आणि बंपरमागची तुळई यांची सोय झाल्यावर आमच्या वाट्याला बंपरखालची एक फट येते. मोठा कंडेन्सर आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा मागितला, की खर्च आणि लांबी यांवर घासाघीस. निम्म्या वेगाला पंख्याचा आवाज १५ डेसिबलने उतरतो, हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगून झालंय. "पंखाच आहे ना, फिरवा जोरात," हे उत्तरही ठरलेलं. गाडीच्या आवाजाची प्रमाणित चाचणी ती मायक्रोफोनसमोरून पळवत नेऊन घेतात. चार्जरला उभी असताना ती किती ओरडते, हे गिऱ्हाइकाला कुठल्याच पत्रकात दिसत नाही. बाहेर ४२ अंश, बॅटरी २० टक्के, समोर एक मीटरवर मायक्रोफोन: हा आकडा छापणं सक्तीचं करा, असं माझं म्हणणं आहे.

तोवर फोन करणाऱ्यांना सांगतो ते असं. गाडीचं तोंड भिंतीला लावून चार्ज करू नका. बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा जाळीत शिरते, पंखा आणखी जोरात फिरतो आणि सोसायटीच्या बुटक्या पार्किंगमध्ये तो आवाज घुमतो. गडबड गाडीचीच आहे का, हेही पाहा; पुष्कळदा चार्जरच्या कपाटातले पंखे त्याहून मोठ्याने ओरडत असतात. सावरीचा कापूस उडायला लागला की कंडेन्सर एकदा तपासा. त्या तंतूंवर धूळ बसून फिनवर नमदा तयार होतो. साध्या नळीच्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा मारलात तर फिन आडव्या होतात. घरी रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होताना पंखा बहुधा ऐकूही येणार नाही.

आणि पहाटेच्या गारव्यात, चार्जिंगला नसतानाही पंखा पूर्ण वेगाने तासभर फिरत राहिला, तर मात्र 'वाजू द्या' म्हणत नाही. पंख्याला कंट्रोलरकडून संदेश मिळेनासा झाला, की सावधगिरी म्हणून तो पूर्ण वेग धरतो, अशी रचना बऱ्याच गाड्यांत असते. बहुधा कुठलातरी कनेक्टर सुटलेला असतो किंवा उंदराने वायर कुरतडलेली असते. अशी गाडी वर्कशॉपला दाखवा.