कापूस आणि सरकी

सशाविषयी आपल्या भाषेने आपले मत फार पूर्वीच बनवून ठेवले आहे. तो भित्रा, तो मऊ, तो निरुपद्रवी. पान पडले तरी आभाळ कोसळले म्हणून पळत सुटणारा ससा लहानपणीच मनात शिरतो आणि मग तेथून त्यास कोणी हलवू शकत नाही. एखाद्याचे काळीज दुबळे असले की ते सशाचे! घरात ससे आणणारी माणसे हेच मत बरोबर घेऊन येतात. आणि म्हणूनच, दोन ससे एकमेकांचे रक्त काढतात तेव्हा ती चकित होतात.

वास्तविक ‘ससा’ या एका शब्दात आपण दोन निराळे प्राणी कोंबले आहेत. सोलापूरच्या उत्तरेस नान्नजच्या माळावर, १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याच्या गवतात, लांब पायांचा आणि मानेवर काळा पट्टा असलेला जो ससा दिसतो, तो एकलकोंडा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून तीत बसून राहतो. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊन जन्मतात. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तो घरी पाळता येत नाही. बाजारात पिंजऱ्यातून विकला जातो तो याचा दूरचा नातलग. त्याचे मूळ घर स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा दक्षिण भाग. हा बिळात राहतो आणि कुळाने राहतो. त्याची पिल्ले आंधळी व उघडीवाघडी जन्मतात. आणि कुळाने राहणे आले म्हणजे मानपान आला, हद्द आली, भाऊबंदकीही आली.

जुळे सोलापुरातील एका घरी या भाऊबंदकीचे दर्शन फार जवळून घडले. विजापूर रस्त्याच्या बाजूला वसलेल्या या वस्तीस जुन्या शहराचे जुळे भावंड म्हणून हे नाव मिळाले. त्या घरात मार्गशीर्षात दोन महिन्यांचे दोन ससे आले, तेही एकाच वेताचे. एक पांढराशुभ्र, त्याचे नाव कापूस. दुसऱ्याच्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तो सरकी. नावे आजोबांनी ठेवली. त्यांची उमेदीची वर्षे आधी मोहोळ तालुक्यातील शेतावर आणि मग यंत्रमागाच्या खडखडाटात गेली होती. त्यांना दुसरी नावे सुचणार तरी कोणती! सातवीत शिकणाऱ्या नातीने मात्र सशांचा सारा भार आपल्या अंगावर घेतला. दोघे एकाच टोपलीत, एकमेकांच्या कुशीत तोंड खुपसून निजत. एकाने डोके खाली घातले की दुसरा त्याचे कपाळ चाटू लागे. दोघेही नर आहेत असे कळल्यावर आजी समाधानाने म्हणाली, “बरे झाले. वंशविस्तार नाही, कटकट नाही.”

कटकट फाल्गुनात सुरू झाली. प्रथम सरकी खुर्चीच्या पायांवर, दाराच्या चौकटीवर, नातीच्या दप्तरावरही हनुवटी घासू लागला. सर्वांना मौज वाटली. या हनुवटीखाली एक ग्रंथी असते आणि तिच्यातून पाझरणारा द्रव ससा वस्तूंना लावतो. माणसाला त्याचा वास येत नाही, पण दुसऱ्या सशाला तो सरकारी मोजणीच्या दगडाइतका स्पष्ट कळतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रोमन मायकिटोविच या संशोधकाने १९६०च्या दशकात या खुणांचा कसून अभ्यास केला. कळपातला वरचढ नर इतरांपेक्षा पुष्कळ अधिक खुणा करतो आणि त्याची ती ग्रंथीही मोठी असते, असे त्यास आढळले. सरकी लाडात आला नव्हता. तो घराचा सातबारा आपल्या नावावर करून घेत होता.

मग मूत्राचे फवारे उडू लागले, एकमेकांभोवती गोल धावणे सुरू झाले, आणि एकाच्या पाठीवर दुसऱ्याने चढणे वाढले. सुमारे चार ते सहा महिन्यांच्या वयात नर ससा वयात येतो, आणि बालपणीचे सख्य तेथे कसोटीला लागते. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी आपली ससीण कडेवर घेऊन आली. नातीने तिला थोडा वेळ मांडीवर घेतले आणि त्याच हातांनी या दोघांना कोथिंबीर घातली. मादीचा वास हातांबरोबर टोपलीपर्यंत पोहोचला. क्षणार्धात दोघे एकमेकांत गुरफटले आणि पांढऱ्या-काळ्या केसांचे पुंजके उडू लागले. नात हात घालणार तोच आजोबांनी तिला मागे ओढले, खुंटीवरची जुनी सोलापुरी चादर त्या गुंडाळ्यावर टाकली, मध्ये खराटा आडवा धरला आणि चादरीसकट एकाला उचलून न्हाणीघरात कोंडले. भांडणाऱ्या सशांच्या मध्ये उघडा हात घालू नये, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. दावणीला उभी राहिलेली माणसे अशा गोष्टी उपजतच जाणतात.

कापसाचा एक कान फाटला होता. तेवढेच लागले असे सर्वांना वाटले. सशाची कातडी पातळ आणि वरचे केस दाट. त्यामुळे चाव्याची जखम वरून दिसत नाही, केस फुंकून पाहावे लागते. चौथ्या दिवशी कापसाने खाणे टाकले. ससा काही तास अन्नावाचून राहिला तर ते उपोषण नव्हे, संकट होय. कारण त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. पशुवैद्यांना मागच्या मांडीजवळ गळू सापडले. सशाचा पू लोण्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. गळू फोडून, धुऊन साफ करावे लागले. दवाखान्याच्या बाकावर नातीने एकच प्रश्न तीनदा विचारला, “पण त्यांचे एकमेकांवर प्रेम होते ना?”

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. रोनाल्ड लॉकली या निसर्गाभ्यासकाने वेल्समध्ये वर्षानुवर्षे ससे पाहून १९६४ साली त्यांच्या जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले ससे स्नेहही करतात आणि झुंजतातही. मात्र मोकळ्या रानात हरलेला नर पळून जातो. कुळाच्या कडेला किंवा दुसऱ्या कुळाच्या आसऱ्याला राहतो. पळता येते म्हणून भांडण थोडक्यात मिटते. सहा फूट लांब खोलीत हरलेल्याने जावे कोठे? जिंकणाऱ्याला तो अजून समोरच दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी युद्ध संपलेलेच नाही. मऊ प्राण्यांची झुंज सिंहाच्या झुंजीहून निर्दय होते ती त्यांच्या दुष्टपणामुळे नव्हे, भिंतींमुळे. भिंती तर आपण बांधलेल्या असतात.

आता काय करावे यावर घरात दोन तट पडले. एक ससा कोणाला तरी देऊन टाकावा असे आजीचे मत. पशुवैद्यांनी दोघांच्याही खच्चीकरणाचा सल्ला दिला होता. नातीला दोन्ही गोष्टी नकोशा होत्या. “आपल्या सोयीसाठी त्यांना का कापायचे?” ती म्हणाली. प्रश्न लहान मुलीचा होता, पण लहान नव्हता. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या खिल्लार जोडीची गोष्ट सांगितली. सोलापूरच्या मुलखात दोन वळू एका दावणीला बांधण्याचा वेडेपणा कोणी करीत नाही. खोंडाचे खच्चीकरण होते, मगच तो बैल होऊन जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावतो. “ते त्याच्या भल्यासाठी करतो असे मी म्हणणार नाही, पोरी,” ते म्हणाले. “आपण त्याला आपल्या दावणीला आणले, म्हणून करावे लागते. आणला नसता तर गोष्ट निराळी.” ही प्रामाणिक कबुली नातीला पटली असावी. निदान ती पुढे बोलली नाही.

परंतु जखम भरेपर्यंत चैत्र लागला, आणि सोलापूरचे ऊन चाळिशीच्या वर चढले. सशाला भूल देणे आधीच नाजूक काम. त्यात उन्हाने थकलेला जीव नको, म्हणून पशुवैद्यांनी पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितले. ते तीन महिने खरे कसोटीचे. खोलीच्या मधोमध दोन जाळ्या उभ्या केल्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. एकच जाळी असती तर तिच्यातूनही नाकाला चावा बसला असता. दोन बाजूंना दोन ताटल्या, दोन पाण्याची भांडी, दोन दोन दारांची दोन खोकी. एकाच दाराच्या खोक्यात पळणारा अडकतो. रोज एकाचे अंथरूण दुसऱ्याकडे जाई, म्हणजे वासाची ओळख बुजू नये. शेजारच्या सशिणीला घेतले तर आधी हात धुऊन कपडे बदलायचे, असा नियम झाला. दुपारी शहाबादी फरशीवर ओले पोते अंथरले की दोघे आपापल्या बाजूला पाय पसरून पडत. सशाच्या अंगातली उष्णता मोठ्या कानांवाटे बाहेर जाते, म्हणून नात त्या कानांवरून ओला हात फिरवी.

आषाढी वारी आटोपल्यावर दोघांचीही शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाली. दोघांना एकत्रच नेले, नाहीतर एकाला येणारा दवाखान्याचा वास दुसऱ्याला परका वाटतो. एका गोष्टीचे आजीला फार नवल वाटले. शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात. सशाला मात्र शेवटपर्यंत गवत द्यायचे, कारण त्याला ओकारी होतच नाही.

ऑपरेशन झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ गळ्यात पडतील, ही समजूतही चुकीची. रक्तातले संप्रेरक ओसरायला काही आठवडे लागतात. दीड महिना जाळ्या हलल्या नाहीत. त्यानंतर शेजाऱ्यांच्या गच्चीवर, जेथे दोघांपैकी कोणाचीही खूण नव्हती, रोज दहा मिनिटांची भेट ठरली. आजोबा चादर घेऊन बाजूला बसत. पहिल्या दिवशी सरकीने शेपटी उभारली, कान मागे पाडले, आणि भेट दोन मिनिटांत संपली. चौथ्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे पाठ करून मेथी खाल्ली. हे शुभलक्षण असते, असे नातीने वहीत नोंदले. मध्ये दोन दिवस पुन्हा पाठलाग झाला. पशुवैद्यांनी आधीच बजावले होते की, एकदा रक्त सांडलेल्या काही जोड्या पुन्हा कधीच जुळत नाहीत. तसे झाले तर जाळीच्या दोन बाजूंना जन्म काढायचा, आणि तोही वाईट नव्हे. नातीने त्याचीही तयारी ठेवली होती. जाळीसाठी पक्की चौकट करायला तिने सुताराला माप देऊन ठेवले होते.

अकराव्या दिवशी सरकी हळूच पुढे आला आणि त्याने कापसापुढे डोके खाली घातले. कापूस बराच वेळ नाक हलवीत बसला. मग त्याने ते कपाळ चाटले, दोनदाच.

रात्रीची जाळी त्यानंतरही महिनाभर लागत होती; दिवाळीत ती माळ्यावर गेली. दोघे आता एकाच टोपलीत निजतात. ताटलीशी सरकी आधी जातो, कापूस थांबतो. फाटक्या कानाला मात्र कापूस अजून त्याला तोंड लावू देत नाही. सरकी तिकडे वळला की तो उठून टोपलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.