पशुपतिनाथाच्या मुलखांतील रुपया

भोर तालुक्यांतील कामथडी हें आमचें गांव पुणें-सातारा हमरस्त्यावर आहे. दारावरून देशोदेशींच्या मोटारी धांवतात. परंतु परदेशगमनाचा योग आम्हांस साठी उलटल्यावर आला, आणि तोहि श्रीपशुपतिनाथाच्या कृपेनें. “नेपाळ कसला परदेश? तेथेंहि रुपयाच चालतो!” असें सोबतची मंडळी म्हणत. आमचेंहि मत तेंच होतें, हें कबूल केलें पाहिजे.

निघण्याच्या आदल्या दिवशीं शेजारच्या वृद्ध आजी काठी टेकीत आल्या. पदराची गांठ सोडून १०० रुपयांची नोट पुढें करून म्हणाल्या, “मास्तर, एवढे देवापुढें ठेवा.” ती आम्हीं निराळ्या पाकिटांत ठेविली.

गोरखपुराहून सोनौलीस सीमा ओलांडली. पैसे बदलून घेण्यास तिकडे ‘सटही’ म्हणतात. आम्हांस आपल्या साट्यालोट्याची आठवण झाली. नोटांवरील अंक देवनागरी. शंभराच्या नोटेवर गेंडा, पांचशेंच्या नोटेवर वाघ आणि हजाराच्या नोटेवर हत्ती. सारें कसें घरचेंच वाटलें, आणि तेथेंच आम्ही फसलों.

काठमांडूस रुद्राक्षमाळेची किंमत दुकानदारानें सोळाशें सांगितली. आम्हीं भारतीय शंभराच्या १६ नोटा मोजून दिल्या. रात्रीं हिशेब लिहितांना उमगलें कीं, सांगितलेले रुपये नेपाळी होते. आपले १००० पुरते. ६०० रुपये व्यर्थ गेले! दुकानदारास दोष द्यावा, तर “कोणते रुपये?” हा प्रश्न आम्हींच विचारला नव्हता. आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें, आणि स्वतःवर प्रसंग येतांच पहिलेंच पद चुकलें.

वाचकहो, हिशेब अवघड नाहीं. १९९३ सालापासून आपल्या १०० रुपयांस नेपाळी १६० असा दर ठरलेला आहे. म्हणजे पांचास आठ. ज्यांनीं लहानपणीं दिडकी पाठ केली असेल त्यांनीं दिडकी करून तींत मूळ रकमेचा दशांश मिळवावा. ५०० ची दिडकी ७५०, दशांश ५०, मिळून ८००. उलट करावयाचें तर आठांनीं भागून पांचांनीं गुणावें. व्यापारी भारतीय रुपयास ‘आय. सी.’ व नेपाळी रुपयास ‘एन. सी.’ म्हणतात, भाव विचारतांना तेवढें आधीं विचारावें. नोटांचे नियमहि बदलत असतात. डिसेंबर २०१८ मध्यें नेपाळनें १०० हून मोठ्या भारतीय नोटांस मनाई केली होती. म्हणून निघण्यापूर्वीं बँकेंत चौकशी करावी, आणि परततांना उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच बदलून घ्यावे.

आजींची नोट मात्र आम्हीं रीतसर बदलून घेतली आणि १६० रुपये देवापुढें ठेविले. घरीं आल्यावर प्रसाद देतांना तसें सांगितलें. आजींचा हात लागलीच पदराच्या गांठीकडे गेला. “वरचे साठ तुम्ही घातलेत? हे घ्या. देवाचें उसनें नको.”

आम्हीं पाटीवर आंकडे मांडून पांच-आठांचें गणित समजाविलें. आजींनीं तें मन लावून ऐकलें.

“म्हणजे देवाला पोंचले ते माझे शंभरच ना?”

“होय, तुमचेच.”

“मग झालें तर,” असें म्हणून त्यांनीं गांठ पुन्हां घट्ट बांधली.