सूनबाईची फेरपरीक्षा

आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत परीक्षेचें माहात्म्य फार. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला कीं पेढे सबंध आळींत फिरतात; त्याचें श्रेय आजोबांच्या शिस्तीस, आईच्या देखरेखीस आणि कुलदैवतासही मिळतें. तोच नापास झाला तर मात्र तें अपयश एकट्याचें ठरतें, आणि पाहुणे आले म्हणजे त्याला माडीवर पाठविण्यांत येतें. लहानांच्या बाबतींत ही रीत निदान सर्वांच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावरील, दोन मुलांच्या आईनें एखाद्या परीक्षेस बसावें, तींत थोडक्यांत अडावें आणि पुनः बसण्याचा निश्चय करावा, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांनीं कसें वागावें, हें कोणत्याच पोथींत लिहिलेलें नाहीं. गेले चार महिने परभणीस आमच्या घरीं हाच प्रसंग चालू आहे.

आमची थोरली सून स्थापत्य अभियंता आहे. घरांचे नकाशे आणि बांधकामाच्या खर्चाचीं अंदाजपत्रकें करण्यांत तिचीं बारा वर्षें गेलीं. कंपनी कायदा, 2013 याच्या 247 व्या कलमास अनुसरून 2017 सालीं नियम झाले, आणि त्या कायद्याखालीं लागणारें मालमत्तेचें मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडूनच करवून घ्यावें असें ठरलें. जमीन व इमारती, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता, असे त्याचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गासाठीं स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांपैकीं एका विषयाची पदवी व पांच वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेचा 50 तासांचा अभ्यासक्रम पुरा करून भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची परीक्षा द्यावी लागते. सूनबाई बसली त्या वेळीं संगणकावर 2 तासांत 90 प्रश्न सोडवावयाचे होते. एकूण गुण 100, उत्तीर्ण होण्यास 60, आणि उत्तर चुकलें तर त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा. निकाल तेथल्या तेथें हातीं पडतो. तिला 57 मिळाले.

रात्रीच्या गाडीनें ती परतली, तेव्हां घरांतील सर्वजण जागे होते आणि सर्वांनीं झोपेचें सोंग घेतलें होतें. सकाळीं आत्याबाईंनीं तोंड उघडलें, "एवढा भरला संसार असतांना ही उठाठेव हवी कशाला?" आमच्या गांवाविषयीं 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी जुनी म्हण आहे, धाकट्या दिरानें वातावरण हलकें करण्यासाठीं तीच म्हणून दाखविली. सूनबाई चहा गाळीत होती. ती वर न पाहतां म्हणाली, "मग परभणीच बरी, भावजी. येथूनच पुनः बसेन." नियमाप्रमाणें या परीक्षेस कितीही वेळां बसतां येतें, हें तिनें त्याच दिवशीं आम्हांस दाखविलें.

तेव्हांपासून घराचें वेळापत्रक बदललें. पहांटे साडेचार ते सहा हा वेळ तिचा. मुलांचे डबे सासूबाईंनीं आपणहून स्वतःकडे घेतले. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एक तास आम्ही तिचे परीक्षक होतों, कारण गणिताच्या शिक्षकीनें आमचा जन्म गेला आहे. एखाद्या घराचें खर्च वजा जातां वार्षिक भाडें 1,20,000 रुपये आणि अपेक्षित परतावा 8 टक्के, तर त्याचें मूल्य किती? 15,00,000. इमारतीचें आयुष्य 60 वर्षें, झालेलीं वर्षें 15, शेवटीं उरणारी भंगाराची किंमत 10 टक्के, तर घसारा किती? साडेबावीस टक्के. हीं उदाहरणें आम्हांस सोपीं वाटलीं. पण त्यांतील 8 टक्के कोठून आणावयाचे, 60 वर्षें कोणत्या इमारतीस द्यावयाचीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आमचें गणित संपे आणि तिचें शास्त्र सुरू होई.

या अभ्यासांत कथाही पुष्कळ आहेत. विशाखापट्टणच्या बंदराजवळ एका जमीनदाराची जमीन सरकारनें घेतली. तींत गोड्या पाण्याचा झरा होता. त्या पाण्याचें खरें गिऱ्हाईक म्हणजे जमीन घेणारें बंदरच. मग झऱ्याचे पैसे द्यावयाचे कीं नाहीं? 1939 सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला कीं, जमिनीच्या अंगीं असलेल्या शक्यतेचें मोल धरलेंच पाहिजे, मग तें देणारा एकटाच कां असेना. दुसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1988 मधील, पुण्याच्या भूसंपादनाचा. मोठ्या क्षेत्रास लहान तुकड्याचा दर जसाच्या तसा लावतां येत नाहीं. रस्ते व मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते, म्हणून 20 ते 50 टक्के वजावट धरावी, असें त्यांत सांगितलें आहे.

आमच्या जिल्ह्यांत तर हा विषय दारोदारीं आहे. गोदावरीकांठची काळी जमीन आणि जिंतुराकडील माळरान यांस एक दर कसा लागेल? जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी एका शेतास मिळतें, शेजारचें कोरडवाहू राहतें. येथील जुने दस्तऐवज निजामी अमदानींतील, उर्दूंत लिहिलेले. 1950 चा कूळकायदा आणि 1954 चा इनामें रद्द करणारा कायदा यांच्या खुणा सातबाऱ्यावर अजून आहेत. अशा कांहीं जमिनी वर्ग 2 च्या म्हणून नोंदलेल्या आहेत आणि सरकारी परवानगीवांचून विकतां येत नाहींत. रस्त्यासाठीं जमीन जाते तेव्हां पारावर जें भांडण चालतें, त्याची उत्तरें 2013 च्या भूसंपादन कायद्यांत शोधावीं लागतात. मागील तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकीं जास्त दराचीं निम्मीं घेऊन काढलेली सरासरी आणि नोंदणीचा सरकारी दर यांची त्यांत तुलना होते, आणि ठरलेल्या रकमेवर शंभर टक्के दिलासा मिळतो. पहिल्या वेळीं सूनबाईनें हीं कलमें पाठ केलीं होतीं. या खेपेस ती प्रत्येक कलमाला एखादें ओळखीचें शेत जोडून पाहते.

याच दिवसांत वाड्याचा प्रश्न उभा राहिला. आमचा वडिलार्जित वाडा माळवदाचा, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचा, सागवानी खांबांचा. चुलतभावांनीं वांटणीचें काढलें. वाडा त्यांनीं ठेवावा आणि बाकीच्यांना रोख द्यावें, असें ठरत होतें. 2005 च्या दुरुस्तीनें हिंदु अविभक्त कुटुंबांत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला, त्यामुळें बहिणींचे हिस्सेही निघाले. आंकडा कमी धरला तर बहिणींस कमी जाणार, जास्त धरला तर वाडा ठेवणाऱ्यास कर्ज काढावें लागणार. एका रविवारीं सर्वजण ओसरीवर बसले असतां चुलतभाऊ म्हणाले, "घरांतच तज्ज्ञ असतांना बाहेर पैसे कशाला? सूनबाई सांगेल तो आंकडा."

सूनबाई दाराशीं उभी होती. ती म्हणाली, "काका, तो मी सांगणार नाहीं. परीक्षा उत्तीर्ण झालें तरी सांगणार नाहीं. या वाड्यांत माझ्या मुलांचा हिस्सा आहे."

ओसरीवर शांतता पसरली. चुलतभावांस तो अपमान वाटला. आमच्या धाकट्या बहिणीनें मात्र डोळ्यांस पदर लावला. मूल्यांककानें निःपक्षपाती आणि स्वतंत्र असावें, हें नियमांना जोडलेल्या आचारसंहितेंत आहे. तें सूनबाईनें परीक्षेसाठीं वाचलें होतें. आम्ही तें त्या दिवशीं ऐकलें. पुढें परगांवचा एक तिऱ्हाईत मूल्यांकक आला. त्यानें गांवठाणांतील जागेचा दर निराळा धरला, माळवदाचा घसारा निराळा काढला, सागवान निराळें मोजलें. आंकडा ऐकून एका बाजूस तो जास्त वाटला आणि दुसरीस कमी. कुरकुर दोन्हीकडून झाली. परंतु कोणीं कोणावर संशय घेतला नाहीं, आणि यंदाच्या भाऊबिजेला चौघी बहिणी त्याच ओसरीवर ओवाळावयास आल्या.

त्या रात्रीं आम्ही सूनबाईस विचारलें, "त्या 57 चें अजून वाईट वाटतें का?" ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "मामंजी, वाटतें. पण प्रत्येक अहवालावर मूल्यांकनाची तारीख घालावी लागते. अमुक दिवशीं अमुक किंमत, एवढाच त्याचा अर्थ. 57 हा त्या एका दिवसाचा आंकडा होता."

आम्हीं हजारों मुलांच्या गुणपत्रकांवर सह्या केल्या. पण गुणांकडे असें पाहावयास आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें. गुणपत्रकावरील तारीख घरचीं माणसें वाचीत नाहींत. तीं आंकडा वाचतात आणि तो माणसाच्या कपाळीं कायमचा लिहितात. विशेषतः सुनेच्या बाबतींत हा शेरा पुसला जाण्यास वर्षें लागतात.

परीक्षा आतां बारा दिवसांवर आली आहे. निकाल पुढें लागेल तो लागेल. परंतु ज्या घरांत एखादी सून, लेक किंवा नोकरी गेलेला मुलगा पुनः पुस्तक उघडून बसला असेल, तेथील वडील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे. त्याची फेरपरीक्षा शेजाऱ्यांपासून लपवूं नका. लपविलेल्या गोष्टीची लाज वाढते. 'यंदा तरी होईल ना?' असें रोज विचारूं नका. पहांटेचा दीड तास त्याला द्या, आणि त्या वेळेंतलें घरकाम कोणीतरी न बोलतां उचला. आमच्या घरीं सासूबाईंच्या डब्यांनीं जें झालें, तें आमच्या सगळ्या उपदेशानें झालें नसतें.