रिकामें टेबल

अन्याय म्हटला कीं तो करणाराच्या मनांत कांहीं तरी काळेंबेरें असलेंच पाहिजे, अशी आपली सोईस्कर समजूत असते. आमचीही होती. परंतु आमच्या हातून जो अन्याय घडला, तो घडतांना आमच्या मनांत दयेखेरीज दुसरें कांहीं नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं शकतों. आणि वाचकहो, आमची खरी अडचण तीच आहे.

आम्ही एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेचे प्रमुख होतों. २०१८ सालीं आमच्या हाताखालील एका गृहस्थांची दृष्टि डोळ्यांतील पडद्याच्या विकारानें गेली. वय चाळिशीच्या आंत, आणि माणूस आंकड्यांत असा मुरलेला कीं ताळेबंद जुळेनासा झाला म्हणजे सारी कचेरी त्यांच्या टेबलाभोंवतीं गोळा व्हावयाची. आतां यांची नोकरी जाणार, अशी कुजबूज सुरू झाली. पण तो मार्ग बंद होता. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला होता, आणि नोकरींत असतांना ज्यास अपंगत्व येतें त्यास सरकारी आस्थापनेनें काढूं नये, त्याचा दर्जाही उतरवूं नये, असें त्याचें विसावें कलम सांगतें. १९९५ च्या जुन्या कायद्यांतही हें अभय होतें. पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणीं २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें उचलून धरलें होतें.

कायद्यानें त्यांची खुर्ची राखली. टेबल मात्र आम्हीं रिकामें केलें.

"आतां तुम्ही स्वस्थ बसा, पगार कोठें जात नाहीं," असें म्हणून आम्हीं त्यांचीं सारीं कामें इतरांस वांटून दिलीं आणि त्यांच्यापुढें एक दूरध्वनि ठेवविला. त्याचा क्रमांक बाहेर कोणासच ठाऊक नव्हता, हें आमच्या फार उशिरां ध्यानांत आलें. अधूनमधून आम्ही स्वतः त्यांच्यासाठीं चहा मागवीत असूं, आणि त्या चहाचें समाधान आम्हांसच अधिक होत असे.

कांहीं दिवसांनीं त्यांचा अर्ज आला. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी एन्‌व्हीडीए नांवाची एक आज्ञावली आहे. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका अंध तरुणानें ती आरंभिली. ती आमच्या संगणकावर बसवावी, एवढीच विनंती. आम्हीं अर्जावर शेरा मारला : 'पुढील अंदाजपत्रकाचे वेळीं विचार व्हावा.' त्या आज्ञावलीस दमडीही पडत नाहीं, हें दुसऱ्याच ओळींत लिहिलें होतें. फुकटच्या वस्तूसाठीं अंदाजपत्रकाची वाट पाहणारे आम्ही बहुधा एकटेच!

अकरा महिन्यांनीं ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, डोळे गेले तें मीं सोसलें. पण माझी बेरीज कां काढून घेतलीत?"

त्या रात्रीं आम्हीं तो कायदा प्रथमच मुळांतून वाचला. वाजवी सोय नाकारणें हाही भेदभावच, असें त्याच्या व्याख्येंतच म्हटलें आहे. चहाचा उल्लेख कोठें आढळला नाहीं.

आज्ञावली बसविण्यास वीस मिनिटें लागलीं. पुढें निराळीच अडचण निघाली. परिपत्रकें संगणकावरच लिहिलीं जात. मग तीं छापून, सही करून, त्यांचें पुन्हां चित्र काढून सर्वत्र धाडलीं जात. आणि चित्रांतलीं अक्षरें या वाचकास अक्षरें म्हणून दिसतच नाहींत. तेव्हां मूळ प्रतही सोबत पाठवावी, असा नियम करावा लागला. तो आजही पुष्कळजण विसरतात, असें ऐकतों.

पहिल्या दिवशीं त्यांनीं खर्चाचा तक्ता उघडला व आम्हांस ऐकूं यावें म्हणून कानांतील नळी काढून ठेवली. घरीं सराव झालेला. ती यांत्रिक वाणी अशा वेगानें धांवूं लागली कीं आम्हांस एक अक्षर उमगेना. आम्ही ओशाळून उभे होतों. त्यांच्या तें कसें ध्यानांत आलें कोण जाणे.

"सावकाश लावूं का, साहेब?" त्यांनीं विचारलें.