वर्गातली माटोळी

महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी घरांत सणवार जरा अधिकच निष्ठेने होतात, असा आमचा अनुभव आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडचे, बडोद्याचे, हैदराबादचे आमचे स्नेही चैत्रगौरीचे हळदीकुंकू ज्या हौसेने करतात, ती हौस पुण्यात आता शोधावी लागेल. त्याचे कारण उघड आहे. परप्रांतात आपली भाषा बाजारात फारशी चालत नाही. ती देवघरात आणि स्वयंपाकघरात सांभाळावी लागते. सकाळी घरी मराठी बोलून शाळेत गुजराती किंवा तेलुगू वर्गात जाऊन बसणारे मूल या मासिकाच्या प्रत्येक वाचकाने पाहिलेले असेल. कित्येक वाचक स्वतःच कधीकाळी ते मूल असतील. आज आम्ही लिहीत आहोत ते त्याच गोष्टीच्या उलट बाजूने. आमच्या येथे वर्ग मराठीचा आहे, आणि परक्या भाषेतून येऊन त्यात बसणारी मुले दुसऱ्यांची आहेत.

आमोणे हे डिचोली तालुक्यातले, मांडवीच्या काठावरचे गाव. पलीकडच्या तीरावर खांडोळे, माशेल. नदीतून खनिजाच्या बार्जी मुरगावकडे जातात, आणि नव्वदीच्या दशकापासून गावात कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे. गोवा १९६१ साली मुक्त झाला, डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्यासारख्यांचे शिक्षण त्या शाळांतच झाले. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत बदल्या भोगून आम्ही आता तशाच एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक आहोत, आणि चौथीचा मराठीचा तास मात्र कोणाला न देता स्वतःकडे ठेवला आहे. पटावर नजर टाकली की काळ कळतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले. तरीही ज्या घरांना परवडले त्यांनी मुले इंग्रजी शाळांत घातली. बाके रिकामी राहिली नाहीत ती कर्नाटकातून, झारखंडातून, ओडिशातून कामाला आलेल्या माणसांच्या मुलांमुळे. सरकारी मराठी शाळेचा दिवा आज पुष्कळ अंशी ही मुले तेवत ठेवीत आहेत, हे आम्ही अभिमानाने सांगावे की खेदाने, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

या मुलांपुढे ‘माझा आवडता सण’ हा निबंधाचा विषय ठेवला तर काय होते? सर्वांच्या वहीत एकच दिवाळी उतरते. अभ्यंगस्नान, उटणे, चकली, चिवडा, मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळे. हा निबंध मार्गदर्शकातला आहे आणि मार्गदर्शक पुण्याचा आहे. आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतो, पायाच्या अंगठ्याने कारीट फुटते, आणि नंतर फोवांचा फराळ होतो: दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे. गोव्याचे मूल फोव खाऊन येते आणि चकली लिहिते. लमाण्याचे मूल तर दोन्ही न पाहता लिहिते. खोटे लिहिण्याचा हा पहिला धडा आपण भाषेच्या तासालाच देतो! म्हणून आम्ही तो विषय काढून टाकला आणि फळ्यावर एवढेच लिहिले: ‘सणाच्या दिवशी आमच्या घरी कोण आले?’ वह्या तपासताना आमची लेखणी पुष्कळदा थबकली. एका मुलाच्या वहीत एकच ओळ होती: आमच्या घरी कोणीच आले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते.

भूतदया, परोपकार, माणुसकी हे शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांत उदंड आहेत. ‘दया’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असे सांगावे, तर आमच्या साऱ्या नोकरीत मुलांनी एकच वाक्य आलटून पालटून लिहिले आहे: राजाला भिकाऱ्याची दया आली. म्हणजे दया करणारा सदैव सिंहासनावर आणि ती घेणारा खाली, धुळीत. मुलांनी ही रचना कोठून उचलली ते आम्हांला ठाऊक आहे, आपल्या गोष्टींतून. ‘माया’ म्हटले की चित्र बदलते. माया करणारी आई शेजारी बसलेली असते. आणि ‘वाटा’ म्हटले की दोघे एकाच पाटावर येतात. ज्यांना वर्गात माणुसकी शिकवायची आहे त्यांनी आधी शब्द नीट निवडावा, असे आमचे मत झाले आहे. काही देशांत १९९८ पासून १३ नोव्हेंबर हा दयाळूपणाचा जागतिक दिवस पाळतात म्हणे. आपल्याकडे त्या सुमारास बहुधा दिवाळीची सुट्टी असते किंवा बालदिनाची धावपळ, हे एक बरेच आहे. नाहीतर त्याचेही परिपत्रक आले असते, छायाचित्रे काढून वर पाठवावी लागली असती, आणि दयाळूपणाचा अहवाल तीन प्रतींत सादर झाला असता.

असो. वाटा शिकवायला आमच्यापाशी माटोळी आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या मस्तकावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या ऋतूत जे जे पिकते, फुलते, फळते ते सारे बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळीचा घड, काकडी, चिबूड, नीरफणस, आंबाडे, तोरंजन. आणि रानातले ते तर विचारूच नका: वाजणाऱ्या घागऱ्या, लालभडक कवंडळे, कांगले. मखराची आरास विकत आणता येते. माटोळीला रान माहीत असावे लागते. चवथीच्या आधी डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो. सत्तरीच्या डोंगरांतून माणसे हे रानधन डोक्यावरून आणतात, आणि शहरातले आपण त्याची नावे विचारीत हिंडतो. आम्ही शाळेला चवथीची सुट्टी लागण्यापूर्वी वर्गात एक लहानशी माटोळी बांधतो. प्रत्येकाने एक वस्तू आणायची, तिचे नाव सांगायचे, आणि ते वहीत लिहायचे. वहीत रकाने असतात: एक मराठीचा, एक कोंकणीचा, आणि ज्याच्या घरची भाषा तिसरी असेल त्याने तिसरा आखायचा. करंजीसमोर नेवरी येते, पोह्यांसमोर फोव. येथे मराठी मोठी की कोंकणी, हा वाद काही वडीलधारी मंडळी अजून घालतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली व मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. आम्ही जन्मभर मराठीची सेवा केली, पण ज्या डिचोलीत १८७७ साली शणै गोंयबाब जन्मले त्या तालुक्यात बसून कोंकणीला दुय्यम म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. रकान्यांना शेजारी बसण्यात काही अडचण येत नाही, एवढे आम्ही रोज पाहतो.

तीन वर्षांपूर्वी वर्गात विजापूरकडच्या तांड्यावरून आलेली एक लमाणी मुलगी होती. वडील कारखान्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली, राहायला पत्र्याची खोली, ना परडे ना झाड. माटोळीच्या दिवशी कोणी शिपटे आणले, कोणी आजोबांना सांगून रानातून घागऱ्या आणल्या. हिने फ्रॉकच्या खिशातून एक लिंबू काढले. दुकानातले, पाच रुपयांचे. मुले हसली. एकाने तर मोठ्याने विचारले, “सर, लिंबू कोणी माटोळीक बांधता?”

अशा वेळी उपदेश करण्याचा मोह अनावर होतो, पण उपदेशाने हसणारा मुलगा तेवढा खाली मान घालतो आणि लिंबू तसेच खिशात परत जाते. आम्ही त्या मुलालाच विचारले, “तू काय आणलेस?” तो म्हणाला, तोरंजन. “तोरंजनाला मराठीत दुसरे नाव काय?” कोणाला येईना. आम्ही फळ्यावर ‘महाळुंग’ लिहिले, त्याखाली संस्कृतातले ‘मातुलिंग’ लिहिले, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात ते असते हे सांगितले. मग ईडलिंबू, पपनस, मोसंबे अशी एकेक नावे मुलांनीच जोडली, आणि कुटुंबाची नावे लिहिता लिहिता शेवटी लिंबाची पाळी आली. तोरंजनवाला मुलगा काही क्षण फळ्याकडे पाहत राहिला. “म्हणजे हे त्याचे धाकटे भावंड,” असे पुटपुटत त्याने ते लिंबू तिच्या हातातून घेतले आणि आपल्या तोरंजनाच्या शेजारी सुतळीने बांधले. बांधताना दोनदा सुटले. लिंबाला देठ नव्हता. शेवटी तिनेच आपल्या केसांची रिबन सोडून दिली.

हे सारे गोड झाले असे वाचकांनी समजू नये. दुसऱ्याच दिवशी एक पालक आले. शब्द सौम्य होते. आशय असा, की माटोळी हे देवाचे छत आहे, कोणाच्याही हातचे काहीही तेथे लागू नये. आम्ही त्यांना बसवले, पाणी दिले आणि विचारले, की डिचोलीच्या बाजारात घागऱ्या घेताना आपण विकणाऱ्याचे कूळ विचारता काय? ते हसले, पण त्यांना ते पटले नाही. जून महिन्यात त्यांनी मुलाचा दाखला नेला. इंग्रजी शाळेत घालायचे होतेच, असे म्हणाले. तसे असेलही.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आम्ही नंतर वर्गाला सांगितली. आमच्या तालुक्यातले नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधविले, हे मुलांना पाठ असते. पण तो देव मुळचा नार्व्याचा नव्हे; तो नदीपलीकडच्या दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळे मोडली तेव्हा तो या काठावर आला. माशेलचा देवकीकृष्ण चोडणहून निघाला, मये येथे थांबला आणि मग माशेलला स्थिरावला. म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले थोर देवसुद्धा एके काळी गाठोडे घेऊन, होडीत बसून, आश्रयाला आलेले. त्यांना कोणी ‘कुठले तुम्ही?’ असे विचारून दारातून परत पाठवले असते तर आज जत्रा कोठे भरल्या असत्या? मुलांना ही गोष्ट फार आवडली. होडी कोणी वल्हवली, देवाने वाटेत काय खाल्ले, असे प्रश्न आले. त्यांची उत्तरे आमच्याजवळ नव्हती.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ‘कोण आले?’ या प्रश्नाला त्या मुलीने मोठे उत्तर दिले. तांड्यावर दिवाळीला दवाळी म्हणतात. अमावास्येच्या रात्री लग्न न झालेल्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घराला चांगले चिंततात. याला ‘मेरा’ म्हणतात. “आम्हीच जातो सर, सगळ्यांकडे,” ती म्हणाली. आमोण्यातल्या तीन-चार खोल्यांपुरती ती आणि तिची बहीण फिरून आली होती. वर्ग अगदी शांत होता. तोवर या मुलीकडे काही असेल असे कोणाला वाटले नव्हते.

नाताळात आम्ही ख्रिस्तपुराण काढतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण रचून बसला. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. मराठीचे त्याने केलेले कौतुक ऐकून आपल्याला संकोच वाटावा. चौथीच्या मुलांना त्यातले फारसे कळत नाही. ओवीची चाल मात्र कळते. वर्गातल्या एकुलत्या एका ख्रिस्ती मुलाने ती ऐकून विचारले, “सर, आमच्या जेजूची आरती मराठीत आहे?” ती आरती नव्हे, एवढे आम्ही सांगितले. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी कुंसवादाचा डबा पाठवला. त्यात दोदोल होता आणि नेवऱ्या होत्या. चवथीच्या नेवऱ्या आणि नाताळाच्या नेवऱ्या यांत काही फरक आहे काय, यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली; दोन्ही पुन्हा खाऊन पाहिल्याशिवाय निर्णय देता येणार नाही असे ठरले.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी तिच्या वडिलांचे काम संपले. ते दाखला न्यायला आले. ती बरोबर होती. दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात आम्ही लमाणी असे लिहिले. पुढची शाळा गावाकडची, कानडी माध्यमाची. तिला कानडी बोलता थोडे येत होते, वाचता मुळीच येत नव्हते. माटोळीची वही शाळेत जमा असते, ती तिने मागून घेतली. आम्ही ती चाळून पाहिली. मराठी, कोंकणी, लमाणी असे तीन रकाने भरलेले होते, आणि पट्टी लावून तिने चौथा आखला होता. त्याच्या डोक्यावर ‘कानडी’ एवढेच लिहिलेले होते.