रांजण आणि राणी

‘नाणेघाटातला दगडी रांजण नीट बघा, सातवाहनांची जकातीची तिजोरी आहे ती,’ इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक फोनवर म्हणाले, आणि मी कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडली. वैशाखऱ्यापाशी उतरलं की नाणेघाटाची पायवाट. कोकण मागे टाकत देशावर चढायचं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला, पुढे पैठण-तेरला जायचा. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणच्या नाकेबंदीचीही नोंद आहे, तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चढताना मला मात्र ओझ्याच्या बैलांचीच कणव येत होती.

नानाचा अंगठा, जीवधन, वानरलिंगी यांचे फोटो इतरांनी भरपूर काढले आहेत. मी घाटातल्या कोरीव गुहेत शिरलो.

मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्री सातकर्णी, राजकुमार, एक महारठी अशा राजघराण्याच्या मूर्ती होत्या. माथ्यावरची नावं टिकली, खाली उरली ती जेमतेम पावलं. कर्नल साइक्सनं एकोणिसाव्या शतकात ही गुहा जगापुढे आणली. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, बराच झिजलेला. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन झालं की यज्ञ सुरू होतात: अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांत. गाई ११०१, मग हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात हे आकडे धरतात. यज्ञ राणीनं स्वतः केले की नवऱ्यासोबत, यावर विद्वानांचं अजून जमत नाही. भिंतीवर मिरवतेय ती राणीच, एवढं मला पुरे.

जवळच्या घाटघर गावात मुक्काम केला. शेजारच्या तंबूंतल्या स्पीकरनं रात्री दोनपर्यंत झोपू दिलं नाही, तेव्हा हिशेब जुळवत पडलो. आख्ख्या लेखात जकातीचा एक शब्द नाही. काय दिलं ते भिंतभर, काय वसूल केलं ते कुठेच नाही. जकात घेतच नसतील असं नव्हे. एवढा व्यापार फुकट कोण सोडेल? पण उघड्यावरच्या त्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, याला आधार काय?

सकाळी प्राध्यापकांना फोन लावून शंका सांगितली. त्यांनी विचारलं,

‘मग रांजण कशासाठी?’

‘पाण्यासाठी असेल.’

‘अहो, पाण्याची टाकी शेजारीच खोदली आहेत की!’

मुद्दा बिनतोड होता. तरी मी म्हटलं, ‘तुम्ही आधी जकातीची एक ओळ दाखवा.’


ते म्हणाले, ‘झिजलेल्या भागात असेल.’