उधारीची वही आणि महापूर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या किराणा दुकानात कडवी नदीचे पाणी शिरले. तांदूळ, साखर भिजली. पण खरा धसका बसला तो संगणक बुडाल्याचा. सगळी उधारी त्यातच होती. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती. तो पेनड्राइव्हही त्याच टेबलाच्या खणात!

१२ ऑगस्टला बकरी ईद होती. काहींनी ईदच्या खर्चासाठी आमच्याकडे पैसे ठेवले होते. आमचे येणे बुडाले असते तर सोसले असते. पण लोकांची अमानत? अब्बांनी आठवून आठवून वही लिहिली. काही गिऱ्हाइकांनी स्वतःहून येऊन आकडे सांगितले. तरी मनात धाकधूक राहिलीच.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आम्ही लिहिले होते, जपले नव्हते.

आता रोज रात्री एक प्रत इंटरनेटवर जाते, दुसरी उंचावरच्या घरी. महिन्याला छापील यादी पुण्याला फुफूकडे आणि एक घरी. शिवाय महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. वीज नव्हती, पण छापील यादीवर दुसऱ्याच दिवशी घराच्या ओट्यावर व्यवहार सुरू झाला. कुणाचा एक रुपया चुकला नाही, अलहमदुलिल्लाह.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण अब्बा आम्हाला लहानपणापासून सांगत. तिचा अर्थ आम्हाला पुराने समजावला.